‘नाम’चे ‘नेम’ कसे झाले?
इंग्रजीतील ऱ्हस्व-दीर्घ स्वरांची गोष्ट

इंग्रजीच्या तासाला शिक्षकांना हमखास विचारले जाणारे दोन प्रश्न आहेत. पहिला, ‘बी-यू-टी’ बट, तर ‘पी-यू-टी’ पुट का? दुसरा, शब्दाच्या शेवटचा ‘ई’ म्हणायचाच नाही, तर लिहायचा कशाला? बहुतेक वेळा उत्तर मिळते, “इंग्रजी तशीच आहे, पाठ करा.” चौकस मूल यातून एवढेच शिकते की या विषयात ‘का’ असे विचारायचे नसते.

तिसरी अडचण अशी, की ती प्रश्न म्हणून कोणी विचारत नाही. ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. मूल दोन्ही शब्द एकसारखेच म्हणते. आपण सांगतो, “एकात पहिली वेलांटी, दुसऱ्यात दुसरी.” मूल मान डोलावते आणि पुन्हा तेच म्हणते. मग वर्गात हशा पिकतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे हा हशा आता सहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येतो.

या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. ‘ऱ्हस्व’ आणि ‘दीर्घ’ हे शब्द आपण इंग्रजी स्वरांना लावतो, तेव्हा आपल्या मनात मराठीतले ऱ्हस्व-दीर्घ असते. इंग्रजीत मात्र ही नावे जुन्या काळाची आठवण म्हणून उरली आहेत. सहाशे वर्षांपूर्वी ती अगदी योग्य होती. मध्यंतरी स्वर बदलले, नावे आणि स्पेलिंगे राहिली. हे कसे झाले ते पाहू या. (स्पेलिंग सांगताना आपण अक्षरांची नावे जोडरेघ देऊन लिहू. जसे, ‘सी-ए-टी’ कॅट.)

एक अक्षर, दोन आवाज

आधी पाच जोड्या पाहा.

‘एम-ए-डी’ मॅड, पण ‘एम-ए-डी-ई’ मेड.
‘पी-ई-टी’ पेट, पण ‘पी-ई-टी-ई’ पीट (हे मुलाचे नाव).
‘बी-आय-टी’ बिट, पण ‘बी-आय-टी-ई’ बाइट.
‘एच-ओ-पी’ हॉप, पण ‘एच-ओ-पी-ई’ होप.
‘सी-यू-टी’ कट, पण ‘सी-यू-टी-ई’ क्यूट.

प्रत्येक जोडीतल्या पहिल्या शब्दातील स्वराला इंग्रजी शालेय पुस्तके ‘शॉर्ट’ म्हणतात, दुसऱ्यातल्या स्वराला ‘लाँग’. ‘लाँग’ स्वर ओळखण्याची खूणही सोपी आहे. तो अक्षराच्या नावासारखाच असतो. ‘मेड’मध्ये ‘ए’, ‘पीट’मध्ये ‘ई’, ‘बाइट’मध्ये ‘आय’, ‘होप’मध्ये ‘ओ’, ‘क्यूट’मध्ये ‘यू’.

आता मराठी कानाने विचार करा. आपल्या दृष्टीने इ आणि ई यांत फरक वेळेचा. एक मात्रा आणि दोन मात्रा. जीभ जागची हलत नाही, आवाज तेवढा लांबतो. पण ‘बिट’मधला इ कितीही लांबवला तरी ‘बाइट’मधला आइ होणार नाही. कटमधला अ लांबवून यू मिळणार नाही. म्हणजे ही ‘शॉर्ट-लाँग’ जोडी वेळेची नव्हे.

घोटाळ्यात भर अशी की ध्वनिशास्त्राचे अभ्यासक ‘लाँग’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरतात. त्यांच्या लेखी ‘फादर’मधला आ आणि ‘शीप’मधला ई हे दीर्घ स्वर, तर ‘बाइट’मधला आइ हा संयुक्त स्वर. प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत पारंपरिक मोजणीप्रमाणे बारा साधे आणि आठ संयुक्त असे एकूण वीस स्वर आहेत. स्वरांची अक्षरे मात्र पाच. एकेका अक्षराला अनेक आवाज सांभाळावे लागणार, हे ओघानेच आले. शिक्षकाने पुस्तक उघडताना ‘लाँग’ हा शब्द स्पेलिंगच्या अर्थाने आला आहे की उच्चाराच्या, हे आधी पाहावे.

मुक्या ‘ई’ला वाचा होती

इंग्रज कवी चॉसर १४०० साली वारला. त्याच्या काळी ‘एन-ए-एम-ई’ हा शब्द ‘नेम’ असा उच्चारला जात नसे. तो दोन अक्षरांचा शब्द होता. पहिले अक्षर दीर्घ ‘ना’, दुसरे हलके पण स्पष्ट ‘म’. संस्कृत ‘नाम’ शब्दातला शेवटचा अ पूर्ण उच्चारा, की चॉसरचा ‘नेम’ जवळजवळ तसाच ऐकू येईल. हे दोन शब्द खरोखरच एकाच भाषाकुळातले सख्खे नातलग आहेत. मात्र दोघांतला आ सारखा असणे हा योगायोग समजावा. त्याहून जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘नम’सारखा, ऱ्हस्व स्वराचा होता.

तो दीर्घ झाला तेराव्या शतकाच्या सुमारास. दोन अक्षरी शब्दात पहिले अक्षर स्वरान्त असेल, म्हणजे त्याच्यामागे लगेच दुसरे अक्षर सुरू होत असेल, तर पहिला स्वर लांबू लागला. पुढे शेवटचा हलका स्वर झिजत गेला आणि चौदाव्या-पंधराव्या शतकात बोलण्यातून नाहीसा झाला. त्याने लांबवलेला आधीचा स्वर मात्र लांबच राहिला.

लिहिणाऱ्यांनी शेवटचा ‘ई’ तसाच ठेवला. मग त्याला नवे काम मिळाले, ‘माझ्या मागचा स्वर दीर्घ आहे’ अशी खूण करण्याचे. ही खूण इतकी सोयीची ठरली, की ‘लाइफ’सारख्या शब्दांनाही ती लागली. जुन्या इंग्रजीत हा शब्द नुसता ‘लीफ’ असा होता, शेवटी स्वर नव्हताच. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: शेवटचा ‘ई’ निरुपयोगी नाही. आधी तो आवाज होता, आता तो चिन्ह आहे.

स्वर एक पायरी वर चढले

पण मग ‘नाम’चे ‘नेम’ कसे झाले? त्यासाठी तोंडात एक जिना आहे असे समजा. आ म्हणताना जबडा खाली, जीभ खाली. ही तळची पायरी. ए आणि ओ म्हणताना जीभ मधल्या पायऱ्यांवर. ई आणि ऊ म्हणताना जीभ टाळूच्या अगदी जवळ. ही सर्वांत वरची पायरी. आ, ए, ई असे सावकाश म्हणून पाहा, हनुवटीखाली हात धरला तर जबडा वर येताना जाणवेल.

साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतले सर्व दीर्घ स्वर या जिन्यावर वर सरकले. ‘नाम’मधला आ आधी लांब अॅ झाला, मग ए, आणि शेवटी आजचा एइ. डबल ‘ई’चा ‘मीट’ हा शब्द आधी ‘मेट’ असा दीर्घ ए घेऊन होता, तो ‘मीट’ झाला. डबल ‘ओ’चा ‘मून’ आधी ‘मोन’ होता, तो ‘मून’ झाला. मग जे आधीच वरच्या पायरीवर होते, त्या ई आणि ऊ यांनी कुठे जायचे? ते फुटले आणि संयुक्त स्वर बनले. ‘बीट’सारखा उच्चारला जाणारा शब्द ‘बाइट’ झाला. ‘मूस’ म्हणजे उंदीर, त्याचा ‘माउस’ झाला. हा ‘मूस’ आपल्या ‘मूषक’ शब्दाचा नातलग. आपल्याकडे ऊ टिकला, इंग्लंडमध्ये त्याचा आउ झाला.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणाच्या पहिल्या खंडात या घडामोडीला नाव दिले, ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’. आपण तिला ‘स्वरांचे महास्थलांतर’ म्हणू. सुरुवात वरच्या स्वरांनी जागा सोडण्यापासून झाली, की खालच्यांनी वर ढकलण्यापासून, याविषयी अभ्यासकांत अजून वाद आहे. स्थलांतर झाले याविषयी मात्र वाद नाही.

मुद्दा असा की या स्थलांतरात फक्त दीर्घ स्वर सापडले. ऱ्हस्व स्वर बहुतेक जागीच राहिले. ‘बिट’मधला इ तेव्हाही इ होता, आजही आहे. ‘बाइट’मधला स्वर तेव्हा ई होता. म्हणजे तेव्हा ‘बिट’ आणि ‘बाइट’ यांच्या स्वरांतले नाते इ-ई असेच होते, अगदी आपल्या पहिल्या-दुसऱ्या वेलांटीसारखे. आज ते इ-आइ असे दिसते, कारण जोडीतला एक घरीच राहिला आणि दुसरा परगावी गेला.

अक्षरांची नावे हीसुद्धा दीर्घ स्वरच होती, म्हणून तीही सरकली. इटालियन किंवा जर्मन मूल आजही पहिल्या अक्षराला ‘आ’ म्हणते, ‘आय’ला ‘ई’ म्हणते. रोमन लिपीत मराठी लिहिताना आपणही बरेचसे हेच जुने मोल धरतो. म्हणून ‘पी-यू-एन-ई’ आपण पुणे वाचतो. इंग्रजी नियमाने ते ‘ट्यून’सारखे ‘प्यून’ होईल. एकाच वर्गात गीता आपले नाव ‘आय’ने लिहिते आणि सीमा डबल ‘ई’ने. गीताचा ‘आय’ स्थलांतरापूर्वीचा आहे, सीमाचा डबल ‘ई’ स्थलांतरानंतरचा. दोघींचेही बरोबर आहे.

याच काळात छपाई आली. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला. छापखान्यामुळे स्पेलिंगे हळूहळू ठरून जाऊ लागली. स्वर मात्र अजून वाटेतच होते. गाडी धावत असताना काढलेल्या छायाचित्रासारखी इंग्रजीच्या स्पेलिंगची स्थिती आहे. छायाचित्र खोटे नाही, पण गाडी आता तिथे नाही.

शब्द वाढला की स्वर आखडतो

आता एका अशा नियमाकडे वळू जो मराठी मुलाच्या तोंडात आधीपासूनच आहे. फूल, पण फुलाला. दूध, पण दुधात. तीळ, पण तिळाचा. गरीब, पण गरिबाला. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांत याला जागा आहे, पण तो नुसता कागदी नियम नव्हे. प्रत्यय लागून शब्द वाढला की मागचा स्वर बोलण्यातही आखडतो.

इंग्रजीत हेच घडले. ‘कीप’, पण ‘केप्ट’. ‘स्लीप’, पण ‘स्लेप्ट’. ‘वाइड’, पण ‘विड्थ’. ‘फाइव्ह’, पण ‘फिफ्टी’. ‘साउथ’, पण ‘सदर्न’. ‘नेचर’, पण ‘नॅचरल’. मूळ शब्दात दीर्घ स्वर होता. पुढे दोन व्यंजने आली किंवा शब्द तीन अक्षरांचा झाला, की तो ऱ्हस्व झाला. त्यानंतर महास्थलांतर आले. दीर्घ होता तो सरकला, ऱ्हस्व झाला होता तो राहिला. मराठीत फू आणि फु यांत फक्त लांबीचा फरक पडला, कारण आपल्याकडे तसे स्थलांतर झाले नाही.

‘चाइल्ड’ आणि ‘चिल्ड्रन’ ही जोडी तर पाहण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत ल-ड, न-ड, म-ब अशा जोड्यांपूर्वीचा स्वर लांबला होता. म्हणून चाइल्ड, वाइल्ड, फाइंड, क्लाइम या सगळ्यांत आज आइ आहे. ‘चिल्ड्रन’मध्ये मात्र ल-ड-र अशी तीन व्यंजने एकत्र आल्याने स्वर लांबला नाही. एका ‘र’मुळे मुलांचा स्वर मुलाहून वेगळा झाला.

डबल व्यंजनाचे कोडेही इथेच सुटते. ‘होप’चे ‘होपिंग’ एका ‘पी’ने, ‘हॉप’चे ‘हॉपिंग’ दोन ‘पी’ने. जुन्या इंग्रजीत दुहेरी व्यंजन खरोखर दुहेरी उच्चारत, आपल्या ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांच्यासारखे. दुहेरी व्यंजनापूर्वीचा स्वर ऱ्हस्व राही. पुढे दुहेरी उच्चार गेला, पण ‘मागचा स्वर ऱ्हस्व’ ही खूण म्हणून दोन अक्षरे राहिली.

ही खूण पहिल्यांदा पद्धतशीर वापरणारा माणूस एक प्रकारे शिक्षकच होता. बाराव्या शतकात लिंकनशायर भागातल्या ऑर्म नावाच्या एका धर्मोपदेशकाने पद्यात प्रवचने लिहिली. वाचणाऱ्याने उच्चार चुकू नयेत म्हणून त्याने बंद अक्षरातल्या ऱ्हस्व स्वरापुढचे व्यंजन दोनदा लिहिण्याचा नेम पाळला, आणि नक्कल करणाऱ्यांना बजावून ठेवले की जिथे अक्षर दोनदा आहे तिथे दोनदाच लिहा. त्याचे हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्याच्या नकला मात्र कोणी केलेल्या दिसत नाहीत.

बट, पुट आणि रक्ताचा प्रश्न

आता पहिला प्रश्न. सोळाव्या शतकापर्यंत ‘बी-यू-टी’ हा ‘बुट’ आणि ‘पी-यू-टी’ हा ‘पुट’ असाच होता. ‘कप’ हा ‘कुप’ होता. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये हा ऱ्हस्व उ ओठांची गोलाई सोडून अ-सारखा झाला. पण प, ब, फ या ओठांच्या व्यंजनांनंतर काही शब्दांत गोलाई टिकली. म्हणून पुट, पुल, पुश, बुल, फुल यांत उ राहिला. ‘बट’ मात्र इतरांबरोबर गेला. उत्तर इंग्लंडमधली अनेक माणसे आजही ‘कप’ला ‘कुप’च म्हणतात. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याला विचित्र वाटलेली गोष्ट त्यांच्या बोलीत घडलीच नाही.

याच बदलाने डबल ‘ओ’चेही कोडे सुटते. ‘फूड’, ‘गुड’ आणि ‘ब्लड’ या तिघांत डबल ‘ओ’ आहे, तरी स्वर तीन. मूळ तिघांतही दीर्घ ओ होता. तेव्हाच्या ‘गुड’चा उच्चार आपल्या ‘गोड’सारखा होई (दोघांचे नाते मात्र नाही). महास्थलांतरात तिघांचाही ऊ झाला. मग ‘ब्लूड’ लवकर आखडून ‘ब्लुड’ झाला, आणि उ-चा अ होण्याच्या लाटेत सापडून ‘ब्लड’ झाला. ‘गूड’ आखडला, पण ती लाट ओसरल्यावर. म्हणून तो ‘गुड’ राहिला. ‘फूड’ आखडलाच नाही. खडकांच्या थरांवरून जसा भूगर्भाचा इतिहास वाचतात, तसे हे तीन शब्द तीन थर आहेत.

काही अपवाद उच्चाराचे नसून लेखनाचे आहेत. ‘हॅव’, ‘गिव्ह’, ‘लव्ह’ यांच्या शेवटी ‘ई’ आहे, पण मागचा स्वर ऱ्हस्वच. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी नुसता ‘व्ही’ न लिहिण्याची प्रथा आहे. इथला ‘ई’ त्या प्रथेसाठी आहे, स्वर लांबवण्यासाठी नाही.

आज फरक कशाचा? वेळेचा की जिभेचा?

आता ‘शिप’ आणि ‘शीप’. निदान इथे तरी फरक इ-ई असा वेळेचाच आहे ना? नाही, आणि हे मोजून पाहिलेले आहे.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत गॉर्डन पीटरसन आणि हॅरोल्ड बार्नी यांनी १९५२ साली ७६ माणसांच्या आवाजातले इंग्रजी स्वर मोजले. बाटलीत कमी-जास्त पाणी असेल तर तोंडाशी फुंकर मारल्यावर वेगवेगळा सूर निघतो. तसेच जिभेची जागा बदलली की तोंडातल्या पोकळीचे अनुनाद बदलतात. यांतल्या पहिल्या दोन अनुनादांच्या वारंवारतांवरून स्वर ओळखता येतो. पुरुषांच्या आवाजात ‘शीप’च्या स्वराची सरासरी पहिली वारंवारता २७० हर्ट्झ, दुसरी २२९० हर्ट्झ आली. ‘शिप’च्या स्वराची ३९० आणि १९९० हर्ट्झ. पहिली वारंवारता वाढली याचा अर्थ जीभ खाली आली. दुसरी कमी झाली याचा अर्थ ती थोडी मागे सरली. म्हणजे ‘शिप’मधला इ हा ‘शीप’मधल्या ई-चे आखूड रूप नाही. त्याची जागाच वेगळी आहे, ई आणि ए यांच्या मधली.

मग वेळेचे काय? १९६० साली पीटरसन आणि इल्झे लेहिस्टे यांनी स्वरांचे कालावधी मोजले. लेहिस्टे मूळच्या एस्टोनियाच्या, आणि एस्टोनियन भाषेत ऱ्हस्व, दीर्घ, अतिदीर्घ अशा तीन पायऱ्या आहेत. त्यांना आढळले की इंग्रजीत स्वराची लांबी पुढच्या व्यंजनावर फार अवलंबून असते. पुढे ट, प, क असे अघोष व्यंजन असेल, तर स्वराला लागणारा वेळ ड, ब, ग अशा घोष व्यंजनापूर्वीच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश असतो. त्यामुळे ‘बीड’ (मणी) मधला ई लांब, पण ‘बीट’ (मारणे) मधला ई बराच आखूड, जवळजवळ ‘बिड’ (बोली लावणे) मधल्या इ-एवढा. तरी इंग्रज माणूस बीट आणि बिड यांच्या स्वरांत गोंधळत नाही, कारण त्याचा कान जिभेची जागा ओळखतो.

आपला कान वेगळ्या गोष्टीला सरावला आहे. मराठीत एका अक्षराच्या व्यंजनान्त शब्दात स्वर आपोआप लांबतो. ‘गुण’ आपण पहिल्या उकाराने लिहितो, पण बोलताना ‘गूण’सारखे बोलतो. ‘विष’ लिहितो, ‘वीष’ म्हणतो. त्याच सवयीने मूल ‘शिप’ वाचते आणि ‘शीप’ म्हणते. हा हलगर्जीपणा नव्हे, मराठीचा नियम त्याने बिनचूक पाळलेला असतो. आपण “आखूड म्हण” असे सांगतो, तेव्हा ते आखूड ‘शीप’ म्हणते, आणि ऐकणाऱ्याला मेंढीच ऐकू येते. सूचनाच चुकीच्या जागी बोट ठेवणारी असते.

‘गेट’ची गोष्ट थोडी निराळी. ‘जी-ई-टी’ आणि ‘जी-ए-टी-ई’ दोन्ही आपण देवनागरीत ‘गेट’ लिहितो, कारण ऱ्हस्व ए-साठी आपल्याकडे चिन्ह नाही. इथे मात्र पहिला ए आखूड व थोडा मोकळ्या तोंडाने आणि दुसरा लांब म्हटला, की आपले काम भागते. दुसऱ्यातला एइ असा फोडून म्हटलाच पाहिजे असे नाही. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडच्या काही भागांत तो साधा ए-च आहे.

वर्गात काय करता येईल?

१. ‘शिप’साठी वेलांटीची भाषा सोडून द्यावी. मुलांना ई असा लांब सूर धरायला सांगावे. ओठ हसल्यासारखे ताणलेले असतील. सूर न तोडता जबडा किंचित सैल सोडायला आणि ओठ ढिले करायला सांगावे. ए येण्याच्या अगोदर मध्येच एक स्वर लागतो, तोच ‘शिप’चा. तो लांबवूनही म्हणून घ्यावा. लांब झाला तरी तो ‘शीप’ होत नाही, हे मुलांनी स्वतः ऐकणे महत्त्वाचे.

२. म्हणण्याआधी ऐकवावे. शिक्षकाने किंवा ध्वनिमुद्रणाने शब्द म्हणावा, मुलांनी जहाज की मेंढी असे बोट दाखवावे. जो फरक कानाला कळत नाही, तो तोंडाला जमत नाही.

३. जिथे सोय आहे तिथे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी स्वर मोजून पाहावेत. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली ‘प्रात’ ही संगणक प्रणाली विनामूल्य मिळते. मोबाइलवर मुद्रित केलेला ‘फूल’ आणि ‘फुलाला’ यांतला स्वर किती लांब आहे, हे तिच्यात दिसते. मराठीचा नियम स्वतः मोजलेल्या मुलाला इंग्रजीचा नियम परका वाटणार नाही.

४. ‘कीप-केप्ट’, ‘फाइव्ह-फिफ्टी’ अशा जोड्या मुलांनाच शोधायला द्याव्यात, आणि शेजारच्या रकान्यात फूल-फुलाला, दूध-दुधात. दोन्ही रकाने भरले की ‘का’ हा प्रश्न मुलेच विचारतील.

शेवटी एक गोष्ट शिक्षकांनी स्वतःशी नक्की करावी. सगळे स्वर वेगळे करता आले नाहीत म्हणून कोणी इंग्रजीत नापास ठरत नाही. स्कॉटलंडमधली बहुतेक माणसे ‘फूड’ आणि ‘गुड’ यांत एकच स्वर म्हणतात, आणि त्यांची मातृभाषा इंग्रजीच आहे. आपले विद्यार्थी सातासमुद्रापलीकडच्या माणसाला समजावेत, एवढी स्पष्टता हवी. त्यासाठी ‘शिप-शीप’सारख्या निवडक जोड्या घटवणे पुरेसे आहे.

आणि पुढच्या वेळी कोणी विचारले, “बाई, हा ‘ई’ म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला?”, तर फळ्यावर ‘नाम’ लिहावे, त्याखाली ‘नेम’ लिहावे आणि मधल्या सहाशे वर्षांची गोष्ट सांगावी. पाच मिनिटे लागतील. पाठांतर त्यानंतरही करावे लागेलच, पण आपण काय पाठ करतो आहोत आणि ते तसे का आहे, हे मुलाला ठाऊक असेल.